पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई (२३ एप्रिल, इ.स. १८५८ – ५ एप्रिल, इ.स. १९२२) या संस्कृत विदुषी, लेखिका आणि समाजसुधारक होत्या. विधवा, अनाथ व अंध मुलींसाठी त्यांनी उभारलेले केडगाव येथील 'मुक्ती सदन' हे त्यांचे सर्वांत मोठे कार्य मानले जाते.

पूर्वायुष्य
वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले व त्यापायी लोकनिंदा ओढवून घेतली. रमाबाईंचा जन्म गंगामूळच्या अरण्यातील आश्रमात झाला. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थाटन करीत राहिले. इ.स. १८७४च्या सुमारास दुष्काळात आईवडील व थोरली बहीण यांचे निधन झाले. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास पायी भटकत इ.स. १८७८मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी झालेला त्यांचा आंतरजातीय विवाह जेमतेम दीड वर्ष टिकला. इ.स. १८८२मध्ये पतीचे निधन झाले, तेव्हा कन्या मनोरमा एक वर्षाचीही नव्हती.

पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. इ.स. १८८३मध्ये त्या इंग्लंडला गेल्या व त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. महाराष्ट्रात त्यांच्याविषयी निर्माण झालेले अंतर बहुतांशी या घटनेपासूनचे आहे.

वर्गणीदारांची मंडळे
इ.स. १८८६मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी ठिकठिकाणी व्याख्याने दिली आणि 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक प्रसिद्ध केले. इ.स. १८८७मध्ये बॉस्टन येथे 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झाली. गावोगावच्या मंडळांतून दरवर्षी वर्गणी गोळा करून नियोजित शाळेचा दहा वर्षांचा खर्च उचलण्याचे तिने मान्य केले. ज्यांना आपण कधी पाहणारही नाही अशा मुलींसाठी नियमित पैसे पाठविणारे हे बहुसंख्य सामान्य लोक होते. शाळेत धर्मशिक्षणाची सक्ती नसावी, हे त्या मदतीमागील तत्त्व होते.

११ मार्च, इ.स. १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' सुरू झाले. गोदूबाई, म्हणजे पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई, या तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकी होत. सदन पुण्यास हलविल्यानंतर काही मुली ख्रिस्ती प्रार्थनेत सहभागी होत असल्यावरून वाद पेटला. 'केसरी'ने कठोर टीका केली. इ.स. १८९३मध्ये न्या. रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई कोणावर सक्ती करीत नव्हत्या, हे त्यांच्या बाजूने सांगता येते. परंतु ज्यांच्यावर पूर्णपणे विसंबून राहावे लागते त्यांचा धर्म निराधार मुलींच्या मनावर परिणाम करीलच, ही टीकाकारांची शंकाही निराधार नव्हती.

मुक्ती सदन
इ.स. १८९६च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून सुमारे तीनशे मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. उपाशी मुलांचे हाल त्यांना ऐकून माहीत नव्हते. त्यांनी ते स्वतः भोगले होते. प्लेगच्या निर्बंधांमुळे इतक्या जणींना पुण्यात ठेवणे शक्य झाले नाही, म्हणून त्यांना दौंडजवळच्या केडगाव येथील शेतजमिनीवर नेण्यात आले. सुरुवातीला निवारा तात्पुरताच होता. इ.स. १९००च्या गुजरातमधील दुष्काळानंतर आश्रितांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली.

एवढ्या लोकांचे पोट केवळ देणग्यांवर भरणार नव्हते. त्यामुळे शेती, विणकाम, दूधदुभते व छपाई ही कामे मुलीच करू लागल्या. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून घेतली व अंध मुलींना लिहिण्यावाचण्याचे शिक्षण दिले. या मुलींना हस्तव्यवसायही शिकविले जात. भीक मागण्यावाचून ज्यांना दुसरा मार्ग नव्हता, त्यांच्यासाठी हा विभाग विशेष महत्त्वाचा ठरला. वृद्ध व अपंग स्त्रियांचीही वेगळी सोय होती.

अखेरची वर्षे
रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. त्याची छपाई केडगावच्याच छापखान्यात झाली. इ.स. १९१९मध्ये त्यांना 'कैसर-ए-हिंद' पदक मिळाले. संस्थेचा भार ज्यांच्यावर सोपवायचा होता त्या मनोरमाबाई इ.स. १९२१मध्ये निवर्तल्या. त्यानंतर वर्षभराच्या आतच केडगाव येथे रमाबाईंचे निधन झाले. भारतीय टपाल खात्याने इ.स. १९८९मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. मुक्ती मिशन आजही केडगाव येथे कार्यरत आहे.