पिशारोटी आणि नारळाची आजारी झाडं

रिमोट सेन्सिंग म्हटलं की डोळ्यांसमोर उपग्रह येतो. आपल्या देशात मात्र त्याची सुरुवात नारळाच्या आजारी झाडांपासून झाली! संत्र्याच्या पानावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशावर आमचा प्रोजेक्ट आहे. त्यासाठी वाचताना मला पी. आर. पिशारोटी भेटले. त्यांना भारतीय रिमोट सेन्सिंगचे जनक म्हणतात.

जन्म १९०९, केरळातलं कोल्लंगोड. आधी कॉलेजात फिजिक्स शिकवलं, बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत काम केलं, मग हवामान खात्यात शिरले. १९५४ मध्ये कॅलिफोर्नियातून पीएच.डी. पुण्याची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था १९६२ मध्ये निघाली, तिचे पहिले संचालक हेच. म्हणजे माणूस ढग-पावसाचा. पुढे विक्रम साराभाईंनी त्यांना अहमदाबादला बोलावलं आणि गाडीचा रूळच बदलला.

केरळात तेव्हा नारळावर 'रूट विल्ट' रोग पसरला होता. दुखणं आत, आणि झाड वरून बरेच दिवस हिरवंगार. शेतकऱ्याला कळणार कसं? १९७० मध्ये पिशारोटींच्या चमूने हेलिकॉप्टरमधून इन्फ्रारेड फिल्मवर बागांचे फोटो घेतले. यातलं फिजिक्स फार सुंदर आहे. निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेतं, पण डोळ्यांना न दिसणारा जवळचा इन्फ्रारेड जवळजवळ निम्मा परत फेकतं. हे काम पानाच्या आतल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या करतात. ही रचना बिघडली की परावर्तन घटतं, कधीकधी पान पिवळं पडण्याआधीच. त्या फिल्मवर निरोगी झाड लालभडक उमटतं, आजारी झाड फिकं.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाचं राज्य, पण संत्र्याच्या बागाही आहेत. डिंक्या आणि मूळकूज हे संत्र्याचे रोग खालूनच सुरू होतात. पानावर दिसेपर्यंत पाच-सात वर्षं वाढवलेलं झाड हातचं गेलेलं असतं. अर्थात पाण्याचा ताण पडला किंवा जस्त कमी पडलं तरी पानाचं रीडिंग बदलतं. त्यामुळे झाड आजारी आहे एवढं प्रकाश सांगतो, रोगाचं नाव सांगायला मुळं उकरून पाहावीच लागतात.

१९८८ मध्ये आयआरएस-१ए हा भारताचा स्वतःचा दूरसंवेदन उपग्रह वर गेला. तो पाहायला पिशारोटी होते. २००२ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं.