बक्षीस कुणाला? महात्मा जोतीराव फुले यांचे उत्तर

विहाराच्या वर्धापनदिनी दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव करण्याची पद्धत आता गावोगाव रूढ झाली आहे. पुष्पगुच्छ, टाळ्या आणि रोख रकमेचं पाकीट. पैसे देऊन मुलांना शिकवावं का, असंही काही बांधव विचारतात. क्रांतिबा जोतीराव फुले यांनी या प्रश्नाचं उत्तर १८८२ सालीच दिलेलं आहे. म्हणून त्यांचे जीवन या अंगाने वाचकांपुढे ठेवत आहोत.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. आई चिमणाबाई लहानपणीच गेल्या. वडील गोविंदराव फुलांचा आणि भाजीपाल्याचा धंदा करीत. शिकलं की पोरगं कामातून जाईल, हे कुणीतरी त्यांच्या मनात भरवलं आणि जोतीरावांची शाळा सुटली. शेजारचे गफार बेग मुन्शी व लिजिट साहेब यांनी वडिलांची समजूत घातली, तेव्हा १८४१ मध्ये ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. ते दोघे मध्ये पडले नसते, तर फुल्यांचं आयुष्य मळ्यातच गेलं असतं.

१८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाई शिकवू लागल्या. लोकांनी शेणमाती फेकली, १८४९ मध्ये घर सोडावं लागलं, तरी दोघं मागं हटली नाहीत. पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा काढल्या. शाळेचं दार उघडलं तरी गरिबाचं मूल आत का येत नाही, हे त्यांना या कामातूनच कळलं.

हेच त्यांनी १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर आयोगापुढे मांडलं. शेतकऱ्याला गुरं राखायला आणि शेत सांभाळायला पोरांचे हात लागतात. ते हात शाळेत धाडायचे तर शिष्यवृत्त्या हव्यात, सहामाही किंवा वार्षिक बक्षिसं हवीत, म्हणजे शिक्षणाची गोडी लागेल, असं त्यांचं म्हणणं होतं. मात्र नुसत्या बक्षिसावर ते थांबले नाहीत. किमान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा आणि मास्तरला बारा रुपयांपेक्षा कमी पगार नको, असंही त्यांनी बजावलं.

त्याच निवेदनात सरकारी शिष्यवृत्तीवर त्यांनी नेमकं बोट ठेवलं. चढाओढीने पैसा वाटणं दिसायला न्यायाचं; पण ज्यांच्या घरात आधीच विद्या आहे, त्यांच्याच पदरात तो पडतो आणि बाकीचे आहेत तिथेच राहतात. म्हणजे फुल्यांचा विरोध बक्षिसाला नव्हता. ते कुणाच्या हाती जातं, याला होता.

बाबासाहेबांनी फुल्यांना आपल्या तीन गुरूंमध्ये मानलं. बाबासाहेबांचंच उदाहरण घ्या. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले, गुण ७५० पैकी २८२. आजच्या गुणगौरवाच्या यादीत हे नाव बसलं असतं का? पण त्या वेळी समाजाने सत्कार केला, केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र हाती दिलं, आणि पुढे सयाजीराव महाराजांनी कॉलेजसाठी दरमहा २५ रुपये दिले. त्या रुपयांनी पहिला नंबर शोधला नाही, गरज आणि धडपड पाहिली.

१९९२ मध्ये महाराष्ट्र शासनाने गरीब मागासवर्गीय मुलींसाठी हजेरीच्या दिवसाला एक रुपया भत्ता सुरू केला, त्यातही हाच विचार दिसतो. रक्कम लहान, पण ती शाळेत येण्यासाठी होती, पहिलं येण्यासाठी नव्हती.

नव्वद टक्केवाल्या लेकरांचा सत्कार जरूर करावा. पण त्यांचं शिक्षण आपल्या पाकिटावाचून अडत नाही. वीटभट्टीवरून परत शाळेत आलेली पोर, नापास होऊन पुन्हा परीक्षेला बसणारा पोरगा, यांची नावं आपल्या यादीत कधी येणार? त्यांना वर्षातून एकदा नव्हे, सहा महिन्यांनी, वह्या-फीच्या वेळेला मदत पोचली पाहिजे.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. त्यांच्या तसबिरीला हार घालताना पुढच्या वर्षीची यादी एकदा तपासून पाहावी, एवढीच समाजबांधवांना आमची विनंती आहे.

जय जोती! जय भीम!