अंड्याचा दर शेतकऱ्याने ठरवावा म्हणून देशभर फिरलेले बी. व्ही. राव

गडब (ता. पेण) : आपल्याकडे दारातली गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, मधेच खुडूक बसते, पावसाळा सरला की पिसं झाडते आणि अंडी बंद करते. पोल्ट्रीतली पांढरी कोंबडी मात्र वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. हा फरक आपल्या देशात घराघरांत पोचवण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते डॉ. बंडा वासुदेव राव. जन्म 1935 चा, निधन 1996 ला.

1971 मध्ये त्यांनी हैदराबादेत व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. नाव तिरुपतीच्या देवाचं. पुढे कारभाराचं मुख्य ठाणं पुण्यात आलं आणि महाराष्ट्राच्या पोल्ट्रीचं चित्रच पालटलं. तेव्हा चांगल्या जातीची पिल्लं हवी तर त्यांचे आई-बाप, आजी-आजोबा परदेशातून आणावे लागत. रावांनी परदेशी कंपन्यांशी करार केले, पण पैदाशीचं काम इथेच उभं करण्यावर भर दिला. अंड्याची बी.व्ही. ३०० आणि मटणाची वेनकॉब ही नावं आज कुठल्याही पोल्ट्रीवाल्याला पाठ असतात.

पैदाशीची कोंबडी सांभाळणं हे सोपं काम नाही बरं का. तिच्या मानेच्या बुडाशी, छातीजवळ, थायरॉईडच्या दोन छोट्या गाठी असतात. त्यांतून निघणारं संप्रेरक शरीराची भट्टी चालवतं. दिवस मोठा झाला की मेंदूत याच संप्रेरकाचं काम वाढतं आणि अंडी घालण्याचा इशारा जातो. म्हणून शेडमध्ये सोळा तास उजेड देतात. दिवस लहान झाले की पिसं झडायला लागतात, त्यातही थायरॉईडचा हात असतो. उन्हाळ्यात कोंबडी खाणं कमी करते, संप्रेरक उतरतं, अंडीही उतरतात. खाद्यात आयोडीन कमी पडलं तर अंडी उबतात कमी, पिल्लंही उशिरा निघतात. मोहरीची पेंड जास्त झाली तरी ही गाठ फुगते. आपल्याकडे कोंबड्यांना सुकटीचा चुरा टाकतात, त्यातून थोडंफार आयोडीन जातंच. असं हे उजेड, खाद्य आणि औषधाचं गणित शेतकऱ्याला समजल्याशिवाय नुसती जात देऊन उपयोग नव्हता. म्हणून रावांनी लस बनवण्यातही लक्ष घातलं आणि उरुळी कांचनला पोल्ट्रीचं शिक्षण देणारी संस्था उभी राहिली. आज तिला त्यांचंच नाव आहे.

पण आमच्या मते त्यांचं खरं मोठं काम वेगळंच. ऐंशीच्या सुरुवातीला अंडी भरपूर झाली आणि भाव पडला. खर्चही सुटेना. दर ठरवायचा व्यापारी, माल नासका म्हणून थांबता येत नाही, त्यामुळे शेतकरी मिळेल त्या भावात देऊन मोकळा व्हायचा. अनेकांनी शेड बंद केली. मग रावांनी पोल्ट्रीवाल्यांना सोबत घेऊन देशभर फिरायला सुरुवात केली, गावोगाव बैठका घेतल्या. स्वतः पिल्लं विकणारा माणूस अंडी विकणाऱ्यांसाठी कशाला फिरतो, असं वाटेल. पण शेतकरी बुडाला तर पिल्लं घेणार कोण, हा हिशोबही त्यामागे होताच. त्यात गैर काही नाही.

1982 मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजे एनईसीसी, उभी राहिली. दर पोल्ट्रीवाल्यांनीच सुचवायचा, सक्ती नाही. सोबत टीव्हीवर रोज अंडं खाण्याची जाहिरात, जी आजही लहान पोरं गुणगुणतात. दर ठरवण्याच्या या पद्धतीवर पुढे टीकाही झाली.

1990 ला सरकारने त्यांना पद्मश्री दिली. सहा वर्षांनी ते गेले आणि कारभार मुलगी अनुराधा देसाई यांच्याकडे आला. एनईसीसीचा दर आजही रोज निघतो. पेण-वडखळच्या दुकानदाराला अंड्याचा भाव आज का वाढला विचारा, तो मोबाईलवर तोच दर दाखवील.