राजा ऑस्वाल्ड

इंग्रज लोक बहुतेक मूर्तिपूजक असून त्यांचीं लहान लहान राज्यें आपसांत झगडत होतीं, त्या काळीं उत्तरेकडील नॉर्थंब्रियावर ऑस्वाल्ड राजानें सुमारें आठ वर्षें राज्य केलें. त्या वर्षांत स्वास्थ्य थोडें होतें. तथापि त्याचें चरित्र आमच्या खेड्यांतील मंडळ्यांस बोधप्रद होईल, म्हणून आम्ही तें येथें देत आहों.

ऑस्वाल्डचा बाप राजा एथेलफ्रिथ इ. स. ६१६ च्या सुमारास लढाईंत पडला, व मुलें देशोधडीस लागलीं. परमुलखीं आयोना बेटाच्या मठवासी बंधूंकडून ऑस्वाल्डास ख्रिस्ताची ओळख झाली व त्यानें बाप्तिस्मा घेतला.

इ. स. ६३३ मध्यें नॉर्थंब्रियाचा ख्रिस्ती राजा एडविन रणांत पडला. त्याच्याबरोबर तेथील ख्रिस्ती कार्यही बहुतेक मोडलें. ऑस्वाल्डचा भाऊ एनफ्रिथ उत्तर भागाचा राजा होतांच ख्रिस्तास सोडून गेला, आणि लवकरच ब्रिटन लोकांचा राजा कॅडवॉलन ह्यानें त्यास ठार मारिलें. तेव्हां ऑस्वाल्ड थोडें सैन्य घेऊन पुढें आला. लढाईपूर्वीं त्यानें लांकडी वधस्तंभ उभारविला, खड्डा मातीनें भरेपर्यंत तो स्वहस्तें धरून ठेविला, व सर्वांसह गुडघे टेंकून प्रार्थना केली. त्या लढाईंत कॅडवॉलन पडला.

राज्य मिळाल्यावर ऑस्वाल्डनें आयोनाहून उपदेशक मागविला. पहिला आला तो कठोर होता. लोक ऐकत ना, म्हणून तो परत गेला व लोकांसच हट्टी म्हणूं लागला. तेथील सभेंत एडन नांवाचा बंधु बसला होता. अज्ञ जनांस आरंभीं दुधासारखें सोपें शिक्षण द्यावयास हवें होतें, असें त्यानें सौम्यपणें सुचविलें. सभेनें ६३५ त त्यालाच पाठविलें. राजानें त्यास लिंडिस्फार्न बेट दिलें. एडनला इंग्रजी नीट येत नसे. म्हणून राजा स्वतः दुभाष्या होऊन आपल्या सरदारांस व सेवकांस सुवार्तेचा अर्थ सांगे. एकदां पुनरुत्थानाच्या सणीं दाराशीं गरीब बसले आहेत असें कळतांच त्यानें पुढ्यांतील अन्न त्यांस पाठविलें व चांदीचें ताट फोडून त्याचे तुकडे वांटविले.

इ. स. ६४२ त मूर्तिपूजक राजा पेंडा ह्यानें मेसरफील्ड येथें त्याचा वध केला व त्याचें शिर व हात खांबांवर टांगविले. त्या वेळीं ऑस्वाल्ड अडतीस वर्षांचा होता. राज्य दुभंगलें, परंतु ह्या वेळीं कार्य मोडलें नाहीं. एडन ६५१ त मरण पावेपर्यंत पायीं फिरून उपदेश करीत राहिला.

बाप्तिस्म्यानंतर घरावर संकट आलें, म्हणजे तुमच्या देवानें काय केलें, असें शेजारी विचारतात. ऑस्वाल्डच्या प्रजेसही तें ऐकावें लागलें असेल. पण त्यांच्या भाषेंत, धीरानें, सौम्यतेनें पेरलेलें वचन राजा पडला तरी उपटलें गेलें नाहीं. उपदेशक बंधूंनो, लोक ऐकत नाहींत असें म्हणण्यापूर्वीं आपण त्यांस कसें शिकविलें, ह्याचा आपण प्रभूसमोर विचार करूं या.