ज्ञानतपस्वी डॉ. कार्टर वुडसन

ज्या समाजाच्या पूर्वजांची नोंद मालकाच्या हिशेबवहीत गुराढोरांशेजारी होत असे, त्या समाजाचा इतिहास महाविद्यालयात शिकविण्याजोगा आहे, हे जगास पटविणे सोपे नव्हते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांसाठी हे कार्य डॉ. कार्टर वुडसन यांनी आयुष्यभर केले. आपल्या सभासद कुटुंबांतील मुलामुलींना त्यांचे चरित्र ठाऊक असावे, म्हणून हा अल्प परिचय.

व्हर्जिनिया राज्यात १९ डिसेंबर १८७५ रोजी ते जन्मास आले. त्याच्या दोनच वर्षे आधी आपल्या जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केला होता. वुडसन यांचे आईवडील त्या गुलामीतूनच सुटलेले. वडिलांना अक्षरओळख नसल्याने मुलगा त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. शाळा वर्षातून काही महिनेच भरे. शिक्षक म्हणजे सख्खे मामा. पुढे पोटासाठी ते वेस्ट व्हर्जिनियातील कोळशाच्या खाणीत उतरले. तेथे ऑलिव्हर जोन्स नावाच्या कृष्णवर्णीय खाणकामगाराच्या घरी कामकरी मंडळी जमत. जोन्स निरक्षर, परंतु घरात पुस्तके व वर्तमानपत्रे आवर्जून ठेवी. वुडसन ती मोठ्याने वाचीत, आणि यादवी युद्ध पाहिलेले वृद्ध आपल्या आठवणी सांगू लागले की स्वतः श्रोते होत. माझ्या मते त्यांची पहिली पाठशाळा हीच.

हायस्कुलात ते दाखल झाले तेव्हा वीस वर्षांचे होते! दोनच वर्षांत त्यांनी तो अभ्यासक्रम संपविला. १९०३ साली केंटकीतील बेरिया महाविद्यालयाची पदवी मिळाली. पुढल्याच वर्षी त्या राज्याने गोऱ्या व काळ्या विद्यार्थ्यांनी एकत्र शिकण्यास कायद्याने मनाई केली. फिलिपीन्समध्ये अध्यापन, मग शिकागो विद्यापीठ, आणि १९१२ साली हार्वर्डची डॉक्टरेट असा त्यांचा प्रवास झाला. हार्वर्डमध्ये हा मान मिळविणारे ते दुसरे कृष्णवर्णीय, पहिले डॉ. डु बॉइस. तेथील एका नामांकित प्राध्यापकांचे मत मात्र असे की, कृष्णवर्णीयांना इतिहासच नाही.

त्यास वुडसन यांनी उत्तर दिले ते कागदपत्रे जमवून. १९१५ साली शिकागो येथे त्यांनी कृष्णवर्णीयांच्या जीवनाचा व इतिहासाचा अभ्यास करणारी संस्था काढली आणि जानेवारी १९१६ मध्ये तिचे त्रैमासिक पदरच्या पैशाने सुरू केले. तेव्हा ते वॉशिंग्टनमध्ये शाळाशिक्षक होते. मास्तरकीच्या पगारात त्रैमासिक चालविणे म्हणजे काय, हे प्रस्तुत लेखकास कोणी सांगावयास नको.

१९१९ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात ते कलाशाखेचे अधिष्ठाता झाले व इतिहासाच्या उच्च शिक्षणाचा पाया त्यांनी तेथे घातला; परंतु अध्यक्षांशी बिनसले आणि वर्षभरात ते बाहेर पडले. स्वभाव करडा होता, सहकाऱ्यांना त्याची झळ बसे, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९२२ नंतर त्यांनी कोणत्याही महाविद्यालयाची नोकरी धरली नाही.

तरीही विद्यार्थ्यांना त्यांनी कधी अंतर दिले नाही. वर्गात वाचावयास ग्रंथच नव्हते, म्हणून १९२१ साली त्यांनी स्वतःची प्रकाशनसंस्था काढली, आणि १९२२ साली तिच्यातर्फे निघालेला त्यांचा कृष्णवर्णीयांचा इतिहास अनेक महाविद्यालयांत पाठ्यपुस्तक झाला. १९२६ पासून फेब्रुवारीत इतिहास सप्ताह सुरू केला. लिंकन व फ्रेडरिक डग्लस यांचे जन्मदिवस त्यात येत. १९३० च्या उन्हाळ्यात त्यांचे तरुण सहकारी लोरेन्झो ग्रीन हॉवर्डच्या काही विद्यार्थ्यांसह जुन्या फोर्ड मोटारीत बसून दक्षिणेतील गावोगावी हे ग्रंथ विकत हिंडले. मंदीच्या काळात धनाढ्य गोऱ्या निधींचे साहाय्य आटले. एखाद्या महाविद्यालयात संस्था विलीन करावी, असा सल्ला मिळाला. वुडसन यांनी तो मानला नाही. शाळाशिक्षक व चर्चमधील सामान्य माणसे यांच्या लहानलहान देणग्यांवर संस्था तगली.

ते अविवाहित राहिले. वॉशिंग्टनच्या नवव्या रस्त्यावरील घरात खाली कचेरी व पुस्तकांचे गठ्ठे, वर त्यांची निजण्याची खोली. त्याच घरात ३ एप्रिल १९५० रोजी त्यांचे देहावसान झाले. १९६८ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्को येथील सरकारी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी संप पुकारला. त्यांच्या मागण्यांत कृष्णवर्णीयांच्या अभ्यासासाठी स्वतंत्र विभाग ही एक होती. संप मार्च १९६९ पर्यंत चालला, आणि विभाग स्थापन झाला.