लहरींच्या गर्दीत एकच सूर निवडणारे ऑलिव्हर लॉज

रात्री नऊच्या सुमारास इमारतीतल्या वीस-पंचवीस घरांतले वाय-फाय एकदमच कामाला लागते. राउटरचे दिवे नीट लुकलुकत असतात, मोबाइलवर सिग्नलच्या सगळ्या रेघा दिसतात, तरीही व्हिडिओ अडकतो. मग जास्त ताकदीचा राउटर आणायचा विचार सुरू होतो. पण बऱ्याचदा दुखणे सिग्नल कमी असण्याचे नसते, शेजारच्या लहरी मध्ये येण्याचे असते. सव्वाशे वर्षांपूर्वी बिनतारी संदेशवहनाला हेच दुखणे जडले होते. त्यावरचा पायाभूत उपाय सर ऑलिव्हर लॉज यांनी दिला.

लॉज यांचा जन्म १२ जून १८५१ रोजी इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात, कुंभारकामाच्या कारखान्यांच्या भागात झाला. वडील त्या कारखान्यांना लागणारी माती विकत. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि मुलगा वडिलांच्या धंद्यात लागला. लंडनला मावशी-आत्यांकडे जाणे झाले की तो विज्ञानावरची व्याख्याने ऐके. तिथेच ओढ लागली. धंदा सांभाळून अभ्यास करत त्यांनी लंडन विद्यापीठाची पदवी मिळवली आणि १८८१ मध्ये ते लिव्हरपूलच्या नव्या महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले.

१८८८ मध्ये ते तारांवरून धावणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरींवर प्रयोग करत होते. त्याच सुमारास जर्मनीत हाइनरिश हर्ट्झ यांनी अशा लहरी मोकळ्या हवेत निर्माण करून दाखवल्या. मान हर्ट्झ यांना मिळाला आणि लॉज यांनी तो मोकळेपणाने मान्य केला. पुढच्याच वर्षी त्यांनी एक साधा प्रयोग दाखवला. विद्युतभार साठवणाऱ्या काचेच्या दोन बरण्या, म्हणजे लेडन जार, थोड्या अंतरावर ठेवल्या आणि प्रत्येकीला तारेचा फेरा जोडला. एकीत ठिणगी पाडली की दुसरीतही ठिणगी उडे, पण दोन्ही फेऱ्यांचे माप जुळले तरच. माप थोडे सरकवले की दुसरी बरणी गप्प. सतारीच्या तरफेची तार तिच्याच सुराला झंकारते, तसाच हा प्रकार.

१८९४ मध्ये हर्ट्झ अकाली गेले. त्यांच्या कार्यावर लॉज यांनी लंडनमध्ये व्याख्यान दिले. ते छापून आल्यावर कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांच्या वाचनात आले आणि तेही या लहरींच्या प्रयोगांकडे वळले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑक्सफर्डला लॉज यांनी एका इमारतीतून दुसरीत, सुमारे ६० मीटरवर, बिनतारी खुणा पोहोचवल्या. पेटंट मात्र घेतले नाही. दोन वर्षांनी तरुण मार्कोनी पेटंट घ्यायला इंग्लंडमध्ये आले आणि हा विषय व्यापाराचा झाला.

तेव्हाचे प्रक्षेपक मोठी ठिणगी पाडत. तिची ऊर्जा कितीतरी कंपनसंख्यांवर पसरे. एका वेळी एकच केंद्र बोलत असेल तोवर ठीक, दोन बोलू लागली की दोन्ही संदेश बुडत. १९०१ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या नौकाशर्यतीच्या बातम्या प्रतिस्पर्धी कंपन्या बिनतारी पाठवू लागल्या आणि एकमेकींच्या लहरींत त्यांचा विचका झाला. ठिणगी वाढवून काही साधत नव्हते. उलट गोंगाटच वाढे.

लॉज यांनी मे १८९७ मध्येच यावरचे पेटंट मागितले होते. त्यांनी अँटेनाला तारेचे वेटोळे जोडले. त्यामुळे लहर एका दणक्यात विझून न जाता एका ठरावीक कंपनसंख्येवर टिकून राही. ग्रहण करणाऱ्या यंत्रातले वेटोळे त्याच मापाचे ठेवले की ते तेवढेच ऐके, बाकी सोडून देई. ताकद वाढवण्यापेक्षा निवड नेमकी करणे, हे त्या पेटंटचे सार होते.

घरच्या वाय-फायला हाच नियम लागू पडतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात १३ चॅनेल आहेत. त्यांच्यातले अंतर ५ मेगाहर्ट्झ, पण वाय-फायचा संदेश किमान २० मेगाहर्ट्झ रुंद. त्यामुळे शेजारशेजारची चॅनेल एकमेकांवर चढतात, १, ६ आणि ११ ही मात्र चढत नाहीत. आधी राउटरला लॅपटॉप तारेने जोडून वेग पाहावा. तिथेही तो कमी असेल तर दोष बाहेरून येणाऱ्या जोडणीत शोधावा. तारेने चांगला आणि बिनतारी वाईट असेल, तर वाय-फाय तपासणारे अ‍ॅप घेऊन शेजारचे राउटर कोणत्या चॅनेलवर आहेत ते बघावे आणि या तिघांपैकी कमी गर्दीचे निवडावे. रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात काम करतो, म्हणून राउटर त्याच्यापासून दूर हवा. जवळच्या वापराला ५ गिगाहर्ट्झचा पट्टा बरा. त्याच्या लहरी भिंतींत जास्त अडतात, म्हणून शेजाऱ्यांचा त्रासही कमी होतो.

१९०० मध्ये लॉज बर्मिंगहॅम विद्यापीठाचे पहिले प्राचार्य झाले, १९०२ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. १९११ मध्ये न्यायालयाने त्यांच्या पेटंटची मुदत सात वर्षांनी वाढवली आणि मार्कोनींच्या कंपनीला ते विकत घ्यावे लागले.

१९१५ च्या सप्टेंबरमध्ये त्यांचा मुलगा रेमंड महायुद्धात मारला गेला. माध्यमांकरवी त्याचे संदेश येतात असे लॉज मानू लागले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. अनेक वैज्ञानिकांनी टीका केली. गोंगाटातून खरा संदेश वेगळा काढण्यात आयुष्य घालवलेल्या बापाला या एका बाबतीत मात्र ती कठोर निवड करता आली नाही.

२२ ऑगस्ट १९४० रोजी लॉज वारले. तोवर घरोघरी रेडिओ आले होते. बटण फिरवून हवे ते केंद्र लावताना त्यांचे नाव कुणाला आठवत नसे. आज राउटरचा चॅनेल बदलतानाही आठवत नाही, पण काम त्यांच्याच तत्त्वाने होते.