दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१७ जानेवारी १९०५ – १९८६) हे संख्यांच्या गुणधर्मांचा शोध घेणारे मराठी गणिती व शाळाशिक्षक होते. ६१७४ ही संख्या 'कापरेकर स्थिरांक' या नावाने ओळखली जाते.

जीवन

कापरेकरांचा जन्म डहाणू येथे झाला. त्यांचे वडील कारकून होते व त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिषासाठी लागणाऱ्या आकडेमोडीची गोडी मुलालाही लागली. वयाच्या आठव्या वर्षी त्यांचे मातृछत्र हरपले. ठाण्यात माध्यमिक शिक्षण घेऊन त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले व १९२९ साली ते पदवीधर झाले. पदव्युत्तर शिक्षण न घेता १९३० ते १९६२ या काळात त्यांनी देवळाली येथे अध्यापन केले. पुढे निवृत्तिवेतन अपुरे पडत असल्याने ते शिकवण्या घेत.

अंकशास्त्र आणि अंकसंशोधन

जन्मतारखेतील अंकांची बेरीज करून १ ते ९ पैकी एक अंक काढणे व त्यावरून स्वभाव आणि भविष्य सांगणे, यास अंकशास्त्र किंवा अंकज्योतिष म्हणतात. त्याचे मूळ ग्रीक तत्त्वज्ञ पायथागोरस यांच्या संख्याविचाराशी जोडले जाते. आजचे रूप मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाले. त्याच्या निष्कर्षांना शास्त्रीय आधार नाही.

कापरेकरांच्या संशोधनातही अंकांची बेरीज वारंवार येते. परंतु तेथील प्रत्येक विधान पडताळता येते. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या १२ सारख्या संख्यांना त्यांनी 'हर्षद' असे नाव दिले. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही, ती संख्या 'स्वयंभू', उदाहरणार्थ, २०. ४५ चा वर्ग २०२५ असून २० व २५ यांची बेरीज पुन्हा ४५ येते. अशा संख्या 'कापरेकर संख्या' होत.

सर्व अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करावी व हीच कृती पुन्हा करीत जावी. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ मिळते. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेतल्यास सातव्या पायरीला हीच संख्या येते. जन्मवर्ष कोणाचेही असो, उत्तर बदलत नाही. त्यामुळे ते व्यक्तीविषयी काहीच सांगत नाही, केवळ संख्येचा नियम दाखवते.

मान्यता

हे काम क्षुल्लक मानून अनेक गणितज्ञांनी दीर्घकाळ त्याची उपेक्षा केली. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात त्याचा परिचय करून दिला आणि कापरेकरांचे नाव जगभर पोहोचले.